भाड्याचें अवजार

आमच्या कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ति काढावयाची असें गेल्या वर्षीं ठरलें, आणि ठरतांच घरांत वाद माजला. वाद नांवांवरून नव्हे, खर्चावरून. पानें लावण्याचें काम आमच्या कैलासवासी दादांच्या मुलीनें अंगावर घेतलें. परंतु त्यासाठीं 'इनडिझाइन' ही संगणकाची प्रणाली तिला भाडें भरून हवी होती.

"भाडें कसलें? एकदां विकत घेऊन टाकूं," आम्ही म्हणालों. वाचकांपैकीं पुष्कळांची समजूत अशीच असेल. पुतणीनें ती दूर केली. यापुढील नव्या आवृत्त्या कायमच्या विकत न देतां भाड्यानेंच द्यावयाच्या, असें ॲडोबी कंपनीनें २०१३ सालीं जाहीर केलें. भाडें थांबलें कीं प्रणाली थांबते. आपण तयार केलेल्या फाइली आपल्याजवळ राहतात खऱ्या. पण सामान आपलें आणि कुलूप मालकाचें, असा तो प्रकार!

एका नातेवाइकांनीं चोरीची प्रत फुकट आणून देऊं केली. पूर्वजांचीं नांवें चोरीच्या अवजारानें जुळवावयाचीं, हें कांहीं आम्हांला रुचलें नाहीं. (चहा मात्र त्यांना दिला.)

मग राजरोसपणें फुकट मिळणारी 'स्क्रायबस' पाहिली. हिच्या जुन्या आवृत्त्यांत देवनागरी जोडाक्षरें नीट जुळत नसत. २०२४ सालच्या १.६ या आवृत्तींत तीं जुळतात. इनडिझाइन सात दिवस मोफत वापरून पाहतां येते. त्या मुदतींत पुतणीनें वंशावळीचीं दहा पानें दोन्ही प्रणालींत लावून आमच्यापुढें ठेविलीं. कोणतीं कशांत लावलीं, तें आम्हांला ओळखतां आलें नाहीं. आमचा निकाल झाला: भाडें नको.

तेव्हां वहिनींनीं कपाटांतून एक तबकडी काढली. दादांनीं १९९९ सालीं रात्रीं जागून पहिली आवृत्ति 'पेजमेकर'मध्यें सिद्ध केली होती, तिची ही प्रत. ती प्रणाली दादांनीं रोख पैसे मोजून कायमची घेतली होती हें विशेष! परंतु पेजमेकरची शेवटची आवृत्ति २००१ सालची. त्यापुढें ती वाढलीच नाहीं. खटपटीनें तबकडींतला मजकूर बाहेर काढला, तर सारीं रोमन अक्षरें आणि विरामचिन्हें, एका शब्दाचा अर्थ लागेना. त्या काळचे कित्येक मराठी फाँट रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरी आकार बसवीत. फाँट गेला कीं मराठी गेली. तो फाँट कोणता होता, हें सांगावयास दादा राहिले नव्हते. अखेर वहिनींनीं छापील पुस्तक शेजारीं ठेवून तीनशें पानें पुन्हां टंकलिखित केलीं. पतीचेंच काम पुन्हां पहिल्यापासून करतांना त्यांना काय वाटलें असेल, तें आम्हीं विचारलें नाहीं.

विकत घेतलेलेंही टिकलें नाहीं, मग भाड्याला एवढें भ्यावयाचें कशाला? आमचा निश्चय डळमळला. तेव्हां इतका वेळ गप्प बसलेली पुतणी बोलली, "काका, आपलें पुस्तक स्क्रायबसमध्येंही होईल हो. पण मी ज्यांच्याकडे काम मागतें, ते प्रकाशक इनडिझाइनच्या फाइली मागतात. मला हाच धंदा करावयाचा आहे."

आम्ही इतके दिवस एका पुस्तकाचा हिशेब करीत होतों! पोरीनें स्वतःसाठीं म्हणून कधीं कांहीं मागितलें नव्हतें. आतांही पुस्तकाच्या आडून मागितलें.

वर्षाचें भाडें आम्हीं गुढीपाडव्याला भरलें. अट एकच घातली: सगळा मजकूर युनिकोडमध्यें, म्हणजे ज्यांत प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक ठरलेला असतो अशा रूपांत, साधा निराळा साठवून ठेवावा. म्हणजे प्रणाली कोणतीही येवो जावो, वहिनींची मेहनत वाया जावयाची नाहीं. त्याच्या तीन प्रती तीन घरीं ठेविल्या आहेत. कुलवृत्तांत स्क्रायबसमध्येंच लागत आहे. भाड्याची प्रणाली सध्यां एका प्रकाशकाच्या पाकशास्त्राच्या पुस्तकांत गुंतली आहे, आणि त्यामुळें आमच्या सातव्या पिढीला थोडें थांबावें लागलें आहे.