ताईचें बोट

सोलापुरांत ज्या घरीं माग चालतो, त्या घरांत सुताची लव पोहोंचत नाहीं असें स्थळ नसतें. ती माठाच्या झांकणावर बसते, अंथरुणांत शिरते, वहीच्या पानांतही सांपडते. आमच्या घरीं खालीं यंत्रमाग आहेत आणि माडीवर माझी वडील बहीण संगणकावर मराठी मजकूर टाइप करून देते. माझ्या फीचा बराच भाग तिच्या मिळकतींतून जातो. म्हणून गेल्या उन्हाळ्यांत एका गिऱ्हाइकानें बारा पानें परत पाठविलीं, तेव्हां सारें घर काळजींत पडलें. पानोपानीं ‘विद्यार्थी’चा ‘विदयारथी’ झाला होता, आणि कित्येक शब्दांत काना दोन दोन वेळां उमटला होता.

ताई म्हणाली, “माझ्या डाव्या हाताचें मधलें बोटच आतां काम देत नाहीं.”

तिचें म्हणणें निराधार नव्हतें. भारत सरकारनें १९८६ सालीं प्रमाण ठरविलेल्या इन्स्क्रिप्ट मांडणींत स्वर डाव्या हाताकडे व व्यंजनें उजव्या हाताकडे असतात. अक्षराचा पाय मोडण्याचें चिन्ह इंग्रजी ‘डी’च्या कळेवर आणि काना तिच्याच वरच्या ‘ई’च्या कळेवर येतो. दोन्ही कळा त्या एकाच बोटाच्या वाट्याच्या! मराठींत जोडाक्षरें पावलोपावलीं. ती एक कळ चुकली कीं सारें वाक्य लंगडूं लागतें.

दुकानदारानें “नवा घ्या” एवढेंच सांगितलें. मला तें पटेना. उजवी शिफ्ट कळ आठ सेकंद दाबून धरली तर विंडोज प्रणालींत ‘फिल्टर कीज’ नांवाची सोय सुरू होऊं शकते, आणि मग झटकन् दाबलेल्या कळा संगणक मुद्दाम सोडून देतो. परंतु तो दोष सर्वच कळांना लागता. आमच्या दोनच कळा बिघडल्या होत्या. मग मी माझ्या उजव्या तर्जनीनें पाय मोडण्याची कळ शंभर वेळां दाबली. चौदा वेळां कांहींच उमटलें नाहीं. शेजाऱ्यांचा कळफलक मागून आणून ताईला बसविलें, तर तिच्याच बोटानें शंभरांपैकीं शंभर! ती कांहीं बोलली नाहीं. पण बोट मात्र कितीतरी वेळ न्याहाळीत बसली.

कळफलक संगणकापासून सोडवून मी त्या दोन कळांच्या टोप्या हलक्या हातानें उचलल्या. आंत लव नमद्यासारखी दाटली होती. कळ पुरती खालीं गेली, तरच रबराच्या घुमटीखालचे दोन पातळ पडदे एकमेकांस टेकतात आणि अक्षर उमटतें. लवेनें तेंच अडविलें होतें. कान्याच्या कळेला चहाचा चिकटा होता. ती लवकर वर येईना, म्हणून कळ दाबूनच धरली आहे असें समजून संगणक काना पुनः पुनः लिही. कुंचल्यानें लव काढली, आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्यानें चिकटा पुसला, आणि तें नीट वाळूं दिलें. पाणी ओतणारांचे कळफलक कायमचे मुके झालेले मी पाहिले आहेत.

ॲपलसारख्या बलाढ्य कंपनीलाही २०१८ सालीं आपल्या कांहीं लॅपटॉपांचे कळफलक फुकट दुरुस्त करून देण्याची योजना जाहीर करावी लागली. तक्रार हीच, अक्षर न उमटणें किंवा दोनदां उमटणें. हें ऐकून ताई प्रथमच हंसली.

त्या रात्रीं जागून तिनें बाराही पानें पुन्हां टाइप केलीं. काम संपल्यावर कळफलकावर आपलाच सोलापुरी टॉवेल झांकावा असें मी सुचविलें. पण टॉवेलही लव सोडतोच, असें आई म्हणाली. आतां मेणकापड घालतों.