उल्हासच्या तळाचा फोटो

उल्हासनगरच्या बाजारात मागाल ती वस्तू मिळते, असे आमच्या अंबरनाथात म्हणतात. मी तिथून पाण्यात चालणारा डिजिटल कॅमेरा आणला, तेव्हा सौभाग्यवतींनी विचारले, "आता हा बुडवणार कुठे? बादलीत?"

प्रश्न रास्त होता. १९४९ साली सिंधी निर्वासितांच्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले ते उल्हास नदीवरून. पण आमच्या उशाशी वाहते ती वालधुनी. १०६० सालच्या शिवमंदिराला खेटून जाणाऱ्या या नदीत आज कारखान्यांचे सांडपाणी येते. बोट बुडवले तर दिसत नाही, तिथे कॅमेऱ्याला काय दिसणार!

खटाटोप होता तो दादांसाठी. आमचे वडील बदलापुरास उल्हासच्या पाण्यात पोहायला शिकले. "पाण्यात डोळे उघडले की तळाचे गोटे दिसत," हे त्यांचे नेहमीचे वाक्य. आता गुडघ्यांमुळे त्यांना घाट उतरवत नाही.

मार्गशीर्षात, पावसाचा गाळ बसल्यावर, मी एका रविवारी बदलापूर गाठले. कोंडेश्वरच्या डोहाचा मोह घरीच ठेवला होता. तिथे पट्टीचे पोहणारेही बुडाले आहेत. मी आपला गुडघाभर पाण्यातला छायाचित्रकार!

पहिले फोटो म्हणजे नुसते हिरवे धुके. फ्लॅश लावला, तर पाण्यात जणू हिमवर्षाव! तरंगणारे गाळाचे कण तो उजेड थेट भिंगाकडे परतवतात. दुसऱ्या रविवारी फ्लॅश बंद केला, पण पायांनीच गाळ उठवला.

तिसऱ्या रविवारी शहाणपण आले. तोंड प्रवाहाकडे केले, म्हणजे उठलेला गाळ मागे वाहून जातो. वेळ भर दुपारची निवडली, कारण तिरपे ऊन पाण्यावरूनच परत फिरते. घरची पांढरी बशी पाण्यात धरून कॅमेऱ्याला आधी 'पांढरे म्हणजे काय' ते दाखवले. पाणी तांबडा रंग सर्वांत आधी गिळते, तो अशाने थोडा परत मिळतो. मुख्य म्हणजे जवळ गेलो. पाण्यात वस्तू असते त्याहून जवळ भासते, म्हणून जवळ आलो असे वाटले तरी आणखी पुढे सरकावे. गोट्यापासून वीतभर अंतरावर कॅमेरा किंचित वर रोखून मी श्वास आवरून थांबलो. झाकणाच्या रबरात वाळूचा कण नाही, हे अर्थात आधीच पाहिले होते.

रात्री दादांना फोटो दाखवला. शेवाळलेला गोटा, त्याच्या आडोशाला बोटाएवढ्या तीन मासोळ्या, वर उन्हाची जाळी. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले.

"गोटे तेच आहेत रे," ते म्हणाले. थोड्या वेळाने विचारले, "आम्ही वालधुनीतही डुंबायचो. तिचा नाही काढलास?"

कॅमेरा कोरडा होता. तरी मी तो पुसत बसलो.