निष्क्रिय खाते

ग्राहकाने सलग दोन वर्षे स्वतः व्यवहार केला नाही, की बचत खाते निष्क्रिय होते. बँकेने आपण होऊन जमा केलेले व्याज व्यवहारात धरत नाहीत. काउंटरवर बसून हा नियम मी निम्म्या फुलंब्रीला ऐकवला असेल. ऐकणारे गालात हसतात, कारण आमच्या अंगणात उभे असलेले चारचाकी खाते त्यांनी पाहिलेले असते.

खाते म्हणजे २००८ सालची पांढरी मारुती ८००. नानांना डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा शहरात न्यावे लागे, म्हणून घेतली. नाना गेले आणि गाडी अंगणात बसली. बँक घरापासून चालत सात मिनिटांवर. काढायची तरी कशाला?

उभ्या बैलाला वैरण लागतेच, पण उभी गाडी त्याहून खादाड! बॅटरी बसल्या जागी उतरते. टायर एकाच अंगाला दबतात. हँडब्रेक ओढून ठेवावा तर लायनर ड्रमला चिकटतात. म्हणून गाडी गिअरमध्ये आणि चाकाला दगड. पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते हवेतली ओल ओढते. त्यात गणपतीचे वाहन आमच्या मारुतीच्या पोटात शिरून वायरी खाऊन गेले. पीयूसी दर सहा महिन्यांनी, विमा दरवर्षी. २०२३ साली गाडीला पंधरा वर्षे भरली, तेव्हा नोंदणीच्या नूतनीकरणाची फी सहाशेची पाच हजार होऊन वर्ष उलटले होते. तीही भरली. पाच वर्षांचे आयुष्य मिळाले. (माणसाला या दरात कोण देतो?)

मी रोज सकाळी दोन मिनिटे गाडी जागेवरच घुरघुरवीत असे. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, त्यानं बॅटरी भरत नाय, उलट सायलेन्सरात पाणी साठतं. ईस मिनिटं रोडवर काढा." म्हणजे बँकेचे व्याज! ग्राहकाचा व्यवहार तो नव्हेच.

तेव्हापासून दर रविवारी चौक्यापर्यंत जाऊन परत. आई मागे बसते. पुढची डावी सीट नानांची. तिथे भाजीची पिशवीसुद्धा ठेवू देत नाही.

सौ.ने मध्यंतरी एक गिऱ्हाईक शोधून आणले. पैसे रोख द्यायला तयार. आईने चहा दिला आणि विचारले, "रोज चालवशील का रे बाबा?"

"रोज चालवीन की, आजी!" तो उत्साहाने म्हणाला.

आईने त्याला दारापर्यंत पोचवले आणि आत येऊन मला म्हणाली, "रोज चालवली तर झिजंल की रे ती!"