पणजोबांची चादर आणि बाऊहाऊस

'बाऊहाऊस' म्हणजे काय, असं आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात विचाराल तर उत्तर येईल : पांढऱ्या भिंती, स्टीलच्या नळीची खुर्ची आणि खिशाला न परवडणारा गालिचा. थोडक्यात, फ्लॅटच्या ईएमआयसोबत होणारा आजार!

मूळ भानगड वेगळीच होती. १९१९ मध्ये जर्मनीतल्या वायमारला वॉल्टर ग्रोपियसने ही शाळा काढली, तेव्हा त्याचं म्हणणं साधं होतं : कलावंतांनो, हाताच्या कामाकडे परत या. मुलींनाही प्रवेश होता, पण बहुतेकींची रवानगी व्हायची विणकामाच्या खोलीत. (पुरोगामी संस्थाही शेवटी संस्थाच, बॉस!) त्याच खोलीतल्या अ‍ॅनी आल्बर्सने एका सभागृहासाठी कापूस आणि सेलोफेन विणून आवाज शोषणारं, उजेड परतवणारं कापड केलं. १९३३ मध्ये नाझींच्या दबावाखाली शाळा बंद पडली. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये अ‍ॅनीबाईंच्या विणकामाचं प्रदर्शन लागलं. वापरायचं कापड आता बघायचं झालं.

हे सगळं मी वाचत बसले ते एका चादरीपायी. धुळ्याहून शिरपूरकडे निघालात की मुंबई-आग्रा रोडवर नरडाणा लागतं, ते माझं गाव. घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलं आणि ट्रंकेतून पणजोबांची खादीची चादर निघाली. सूत त्यांनी स्वतः कातलेलं. पांढरी, कडेला निळी पट्टी, बरोबर मधोमध शिवण. मागाचा पन्हा लहान, म्हणून दोन पट्टे विणून जोडलेले.

खादीचंही बाऊहाऊससारखंच झालंय. डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या खानदेशात, फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावच्याच सामानातून ते सजवलं. त्याच शांतिनिकेतनात शिकवणाऱ्या स्टेला क्रॅमरिश यांच्या खटपटीने १९२२ मध्ये कोलकात्यात बाऊहाऊसच्या चित्रकारांचं प्रदर्शन भरलं होतं. म्हणजे वायमार आणि फैजपूर वाटतात तेवढी लांब नाहीत! पुढे खादी पुढाऱ्यांची झाली, मग बुटीकची. डिसेंबर २०२१ पासून तर राष्ट्रध्वजालाही मशीनवरचं पॉलिस्टर चालतं.

तर चादर. माझा चुलत भाऊ म्हणाला, मलाही हवी. काकूंनी तोडगा काढला : शिवण उसवा, एकेक पट्टा घ्या. माझी इंटिरियर डिझायनर रूममेट फोनवर किंचाळली, "अगं घे ना! फ्रेम कर, टोटल बाऊहाऊस!" खरं सांगू, मोह झाला. फ्रेमला अर्धी चादर पुरते. पांघरायला पुरत नाही.

मोठ्या मायला मी मोबाईलवर अ‍ॅनीबाईंचं भिंतीवरचं कापड दाखवलं. "हाई काय शे?" तिने चष्मा वर केला. सांगितलं. तिने बराच वेळ त्याच्या कडा बघितल्या. मग म्हणाली, "बाईचा हात चांगला आहे. पण पोरी, ही कोणी पांघरलीच नाही का?"

काकूंच्या हातातली कात्री मी काढून घेतली. भाऊ फुगला. तासभर घासाघीस चालली. शेवटी ठरलं : दिवाळीपर्यंत चादर माझ्याकडे पुण्यात, मग होळीपर्यंत त्याच्याकडे नरडाण्यात. थंडी सगळी त्याच्या वाट्याला गेली, हे माझ्या लक्षात आलंय. पुढच्या वर्षी अदलाबदल करायची, असं मी त्याला अजून सांगितलेलं नाही.