तीन वर्षं उरली असताना

पिंपरी-चिंचवडच्या कामगार वस्त्यांमध्ये सध्या एक अख्खी पिढी एकदमच निवृत्तीला आली आहे. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढच्या दशकात टेल्को आली, बजाज आली, आणि त्यांच्या मागोमाग सुटे भाग बनवणारी असंख्य छोटी वर्कशॉपं. नव्वदच्या दशकात साताऱ्याहून, बार्शीहून, बीड-लातूरकडून आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन जी पोरं इथं उतरली, कॉट बेसिसवर राहिली, टेम्पररीचे ब्रेक सोसत कायम झाली, त्यांनी आता पंचावन्नी ओलांडली आहे. कंपनीच्या बसची वाट बघताना ‘किती राहिली?’ असं कुणी विचारलं, तर काय राहिलं हे वेगळं सांगावं लागत नाही.

हिशेब मात्र बसस्टॉपवर होत नाही. तो रात्री होतो, जेवणं आटोपल्यावर, ओटा पुसून झाल्यावर.

यमुनानगरमधलं एखादं घर घ्यावं. दोन खोल्यांचं, नंतर वर एक मजला चढवलेलं. तो मशीन शॉपमध्ये, तिची नोकरी घरातली. मुलीचं लग्न झालेलं, मुलगा हिंजवडीत कामाला लागून वर्ष-दीड वर्ष झालेलं. तीन वर्षं उरली असताना तो पहिल्यांदा पेमेंट स्लिप तिच्यापुढं ठेवतो. इतकी वर्षं ती घरखर्चाचे पैसे हातात घेत आली; कपातीचे रकाने तिने नीट पाहिलेलेच नसतात. आणि तिची वही त्यानेही कधी उघडलेली नसते. दूध, गॅस, भिशी, पेपर, सोसायटीचा हप्ता, कुणाच्या बारशाला दिलेलं झबलं, सगळं त्या वहीत आहे. निवृत्तीचा खरा हिशेब ही दोन कागदपत्रं शेजारी-शेजारी ठेवल्यावरच सुरू होतो. कितीतरी घरांत तो होतच नाही, कारण स्लिप कपाटात राहते आणि वही स्वयंपाकघरात.

स्लिप वाचून होताच तिच्या लक्षात पहिली गोष्ट येते ती जेवणाची. आठवड्यातले सहा दिवस तो कॅन्टीनमध्ये नाममात्र पैशांत जेवतो. सकाळचा नाश्ता, दोन वेळचा चहा तिथंच. पगार थांबला की महिन्याला पंचवीसेक जेवणं घरच्या डाळ-तांदळात येऊन बसणार. कंपनीची बस बंद, म्हणजे गाडीचं पेट्रोल. युनिफॉर्म बंद, म्हणजे रोजचे कपडे. बूट, साबण, टॉवेल, दिवाळीचा बोनस, मिठाईचा डबा, आणि सर्वांत मोठी बाब म्हणजे मेडिक्लेम. तिच्या गुडघ्यांचे एक्स-रे, त्याची शुगर, हे आजवर कंपनीच्या पॉलिसीवर चाललं. साठीच्या आसपास स्वतःच्या पैशाने पॉलिसी घ्यायला गेलं, की हप्ता चांगलाच चढलेला असतो आणि जुन्या दुखण्यांसाठी थांबायची मुदत लागते. म्हणून ती पॉलिसी नोकरी असतानाच घ्यावी, हे या वयाच्या प्रत्येक जोडप्याला कुणीतरी कळकळीने सांगायला हवं. पगाराच्या आकड्यात हे काहीच दिसत नाही. म्हणून ‘पगार बंद झाल्यावर निम्म्यात भागेल’ हा अंदाज चुकतो.

मग येते पेन्शन. खाजगी कारखान्यातल्या कामगाराची पेन्शन म्हणजे १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना. पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. सूत्र सोपं आहे, पण त्यातला पगार खरा पगार नसतो. ज्याने वाढीव पेन्शनचा पर्याय घेतलेला नाही, त्याचा पगार पन्नास हजार असला तरी सूत्रात तो १५,००० वर थांबतो. सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या वर्षांसाठी तर ६,५०० वरच. तीस वर्षं मशीनवर उभं राहिलेल्या माणसाच्या हाती महिन्याला चार-पाच हजारांच्या आसपास रक्कम येते. त्यात महागाई भत्ता नाही. जी रक्कम पहिल्या महिन्यात ठरली, ती दहा वर्षांनीही तीच. शेजारच्या गल्लीतल्या जुन्या सरकारी नोकराची पेन्शन दर वेतन आयोगाला वाढते, आणि इकडे डाळ महागली तरी आकडा हलत नाही. किमान पेन्शन वाढवा म्हणून वयस्क कामगार आंदोलनांना बसतात, ते या एका ओळीपायी. ही मागणी रास्त आहे.

खरा आधार मग पीएफ आणि ग्रॅच्युइटीचाच. १९७२ च्या कायद्याने घालून दिलेला हिशेब असा : नोकरीच्या दर वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. बेसिक आणि डीए मिळून २६,००० असतील आणि तीस वर्षं भरली असतील, तर साडेचार लाख. पीएफ त्याहून मोठा, पण मुलीच्या लग्नाला आणि वरच्या मजल्याला त्यातून उचल झालेली असते.

एवढी रक्कम घरात कधी एकरकमी आलेली नसते. ती येण्याआधीच तिला वाटा फुटतात. मुलाला फ्लॅटचं डाऊन पेमेंट हवं असतं. तो तोंडाने मागत नाही, पण वाकडच्या एखाद्या साइटचं ब्रोशर टीव्हीजवळ पडून असतं. गावाकडून भावाचा फोन येतो : बोअर आटली, नवीन घ्यायची, तुझा निम्मा हिस्सा. शिवाय गावच्या घराचे पत्रे. कारखान्यात आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने मनात कुठंतरी ठरवलेलं असतं, रिटायर झालो की गावी जायचं. बायकोने तसं ठरवलेलं असतंच असं नाही. तिची भिशी इथं, भजनी मंडळ इथं, गुडघ्याचा डॉक्टर इथं, नात चिखलीला. गावच्या ओढीबद्दल मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं. पण ज्या बाईने शहरात पंचवीस वर्षं खपून स्वतःची माणसं जोडली, तिच्या न जाण्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. या तीन वर्षांत घरात सर्वांत जास्त आवाज चढतात ते यावरून, आणि ते बोलणं टाळू नये. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. दोन घरांत जाऊन-येऊन राहण्याचा मधला मार्ग काही जोडप्यांनी त्यावरच काढला आहे.

अहेराचीही एक वही असते. मुलीच्या लग्नात कोणी किती पाकीट दिलं, कोणी साडी, कोणी स्टीलचं पातेलं, सगळं नोंदलेलं. आता त्या घरांतली लग्नं यायची आहेत आणि परतफेड चुकवणं तिच्या मनाला पटत नाही. पगार असताना हा खर्च महिन्याच्या ओघात निघून जायचा. पुढं तो काढायचा कुठून? ती आधीच नावांपुढं पेन्सिलीने खुणा करून ठेवते : पुढच्या तीन वर्षांत कुणाकडं कार्य होईल, कुणाला किती द्यावं लागेल. आर्थिक सल्लागाराच्या तक्त्यात हा रकाना नसतो. मराठी घरात तो असायलाच हवा.

कागदांचंही तसंच. पीएफचं नॉमिनेशन लग्नाआधी आईच्या नावे भरलेलं असतं आणि नंतर कुणी पाहिलेलं नसतं. नियम असा आहे की लग्नानंतर ते जुनं नॉमिनेशन रद्द धरलं जातं, नवीन भरावंच लागतं. आधारवर एक नाव, पीएफच्या नोंदीत दुसरं, जन्मतारखेत घोळ : या दुरुस्त्यांना महिने जातात. कंपनीत रोज जाणं-येणं आहे तोवर ऑफिसात खेटे घालून ही कामं होतात. गेट पास जमा केल्यावर तीच कामं जड जातात. त्याच्या मागं तिला निम्मी पेन्शन मिळते, हेही तिला आताच माहीत व्हायला हवं, आणि अर्ज कुठं करायचा तेही.

पैसे ठेवायचे कुठं, यावर मात्र बहुतेक घरं लवकर एकमतावर येतात : पोस्टात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला, मर्यादा पंधरा लाखांवरून तीस लाख झाली. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेल्यालाही पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांत तिथं खातं उघडता येतं. दहा लाख ठेवले तर तीन महिन्यांनी २०,५०० रुपये व्याज, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या सुरुवातीला.

त्याला हे तिमाही येणं अडचणीचं वाटतं. सात तारखेच्या पगाराची सवय तीस वर्षांची. तिला नाही वाटत. ती शेतकऱ्याच्या घरातली. सुगीला पैसा यायचा आणि त्यावर वर्ष काढायचं, हे तिने आईला करताना पाहिलं आहे. शहरात आल्यावरही उन्हाळ्यात वर्षाचे गहू-ज्वारी भरणं, चिंच, मिरची, कुरडया तिने सोडलं नाही. म्हणून पुढचं वाटप तिनेच केलं. एप्रिलच्या व्याजातून धान्य, मसाला आणि घरपट्टी. जुलैला मेडिक्लेमचा हप्ता. ऑक्टोबरला दिवाळी आणि जावयाचा मान. रोजचं दूध-भाजी पेन्शनवर आणि वरच्या मजल्याच्या भाड्यावर. जानेवारीच्या रकमेपुढं अजून काही लिहिलेलं नाही. तो म्हणतो गावच्या घराचे पत्रे. मुलगी रविवारी आली तेव्हा तिने ठणकावून सांगितलं की आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन नोकरी आहे तोवर, कंपनीच्या पॉलिसीवरच करून घ्या, आणि पत्र्यांचं मग बघा.