चुनारच्या खडकांत

काशीतील मराठी माणसाला घाटांचा अभिमान फार. अहिल्याबाईंचा घाट, भोसल्यांचा घाट, शिंद्यांचा तो स्वतःच्याच भाराने खचलेला घाट. पाहुण्यांना आम्ही हे सारे अशा थाटात दाखवितो, की जणू कालच हिशेब चुकता करून कारागिरांना निरोप दिला आहे. परंतु हे घाट ज्या दगडाचे, त्याचे माहेर जे चुनार, ते अवघ्या चाळीस किलोमीटरांवर असूनही आमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेले असते. सेवानिवृत्तीला दोन महिने उरले असता, ऐन वैशाखात, मी कन्येला घेऊन तिकडे गेलो.

किल्ल्यात फार वेळ मोडला नाही. गंगेत पुढे आलेल्या खडकावर तो उभा आहे. शेरशहा आणि हुमायून त्यासाठी झगडले. १७८१ साली चेतसिंगाच्या उठावात काशीहून पळालेल्या वॉरन हेस्टिंग्जने इथेच आसरा घेतला. आत भर्तृहरीची समाधी दाखवितात. वामन पंडितांमुळे भर्तृहरी आपल्याला घरचाच, म्हणून तिथे क्षणभर टेकलो.

खरी पायपीट झाली ती खाणींच्या टेकड्यांत. विंध्याचे हे अंग वैशाखात निव्वळ वाळवंट भासते. झुडपांना पान नाही, वाऱ्याला गारवा नाही, आणि पायाखाली पिवळसर, कुठे किंचित गुलाबी असा वालुकाश्म. हा खडक मुळात वाळूच. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या काठी साचलेली. एका उघड्या शिळेवर पाण्याच्या लहरींचे वळ जसेच्या तसे थिजलेले होते. मुलीने त्यांवरून बोटे फिरविली आणि बराच वेळ ती तिथून हलेना.

सारनाथचा सिंहस्तंभ याच दगडाचा. त्याचे शीर्ष १९०५ साली उत्खननात सापडले, १९५० साली ते राजमुद्रा झाले, आणि तीस-बत्तीस वर्षे मी त्या मुद्रेखाली टिपणे लिहीत आलो. दगडाची मूळ जागा पाहण्याचे मात्र कधी सुचले नव्हते. विदुला जायसवाल यांना या खाणींत ओबडधोबड घडविलेले दंडगोल सापडले, त्यांवर ब्राह्मीबरोबर खरोष्ठी अक्षरेही आहेत. खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी. तेव्हा तिकडचा कोणी पाथरवट बदलीवर इथे आला असावा, असे आपले माझ्या कारकुनी मनाला वाटले. तो परत गेला की नाही, कोण जाणे.

आमच्या घरी तोच प्रश्न चालू आहे. मला साताऱ्यास जाऊन राहायचे आहे. मुलगी काशीतच जन्मली; तिचे मराठी शुद्ध, पण हेल भोजपुरी. इथेच नोकरी पाहीन, असे ती म्हणते.

उतरणीवर एक म्हातारा पाथरवट ओळीने पाचरी ठोकून शिळा फोडीत होता. चार घाव घालावे, थांबावे आणि खोकावे, असा त्याचा क्रम. ही धूळ फुफ्फुसांत बसते आणि निघत नाही. घाटांच्या वर्णनांत मी याचा उल्लेख कधी वाचलेला नाही. त्याने मडक्यातले पाणी दिले आणि विचारले, "कहाँ के हैं, बाबूजी?"

मी सातारा म्हणण्यासाठी तोंड उघडले.

"बनारस के," कन्या म्हणाली.

म्हाताऱ्याने मान डोलावली आणि पुढची पाचर उचलली. शिळा फुटेपर्यंत आम्ही दोघे तिथेच उभे होतो.