दोन कॅमेरे, एक खांड

"काय गो, दोन-दोन कॅमेरे? लग्नाची ऑर्डर हाय का?"

शुक्रवारी रात्री साडेदहाला गावच्या घराची पायरी चढते न चढते तोच काकांनी हा बाउन्सर टाकला. काय सांगणार? खरं सांगायचं तर गेले चार महिने मी लोकलमध्ये, लंच टाइममध्ये आणि (बॉस हे वाचत नसेल अशी आशा आहे) कॉन्फरन्स कॉल म्यूट करूनसुद्धा फक्त कॅमेऱ्यांचे रिव्ह्यू बघत होते. बारा कॅमेऱ्यांची यादी दोनवर आली होती आणि तिथंच गाडी अडली होती. फुजीफिल्मचा एक्स-टी५ की सोनीचा ए६७००? वजन, बॅटरी, मेगापिक्सेल सगळं तोंडपाठ, निर्णय मात्र शून्य! शेवटी एक मैत्रीण वैतागून म्हणाली, "अगं, लग्न जुळवतेस की कॅमेरा घेतेस? दोघांना एकदा भेट तरी!" म्हणून फोर्टात बोरा बाजारात जाऊन दोन्ही कॅमेरे वीकेंडपुरते भाड्यानं उचलले. डिपॉझिटचा आकडा घरी कुणालाही सांगितलेला नाही.

ज्यांना 'मिररलेस' हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. जुन्या एसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश एका आरशावर आपटून वर व्ह्यूफाइंडरमध्ये जायचा. हा आरसाच काढून टाकला, की कॅमेरा लहान होतो. २००८ साली पॅनासॉनिकनं जी१ आणला, तिथून ही गाडी सुटली. आता व्ह्यूफाइंडरमध्ये एक छोटा स्क्रीन असतो आणि फोटो काळा येणार की पांढराफटक, ते बटण दाबायच्या आधीच दिसतं. माझ्यासारख्या घिसाडघाई करणाऱ्यांसाठी हे वरदानच म्हणायचं.

आता आमचे उमेदवार. फुजी ४० मेगापिक्सेलचा, सोनी २६चा. सेन्सरचा आकार दोघांचा सारखाच, एपीएस-सी. फुजी ५५७ ग्रॅम, सोनी ४९३. पण पक्ष्यांसाठी लांब लेन्स लावली की मजा बघा... फुजीची ७०-३०० आणि सोनीची ७०-३५० चढवल्यावर दोन्ही जोड्या अकराशे ग्रॅमच्या थोड्याशा पुढे! चार महिने ज्या वजनावर मी खल केला, तो फरक एका लिमलेटच्या पुडीएवढा निघाला.

आमचं गाव पेणच्या खारेपाटात, धरमतर खाडीच्या काठी. अलिबागला जाताना वडखळ मागं पडलं की जो पूल लागतो तो धरमतरचा. तुम्ही त्यावरून पन्नास वेळा गेला असाल, काच खाली करून एखादा फोटोही काढला असेल. अंबा नदी इथं खाडी होते आणि पुढं रेवसजवळ समुद्राला मिळते. एका अंगाला डोलवीच्या पोलाद कारखान्याच्या चिमण्या, मधून मालाचे बार्ज, कडेला तिवरं आणि तिवरांच्या मागं मातीचा बांध. त्या बांधाच्या आत आमची शेतं, भरतीच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीला. म्हणजे बांध आहे तोवर शेत आहे. मुंबईत वाढलेल्या मला हे साधं गणित कळायला तीस वर्षं लागली.

चिंबोऱ्यांचं कालवण ओरपत असताना काकांनी हळूच विषय काढला. "बांदाला खांड गेलेय. अर्जाला फोटू पायजेत. सकालच्या सुकतीला चल."

खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. भरती-ओहोटीचं पाणी त्यातून आत-बाहेर करतं आणि प्रत्येक उधाणाला ते थोडं मोठं होतं. आत खारं पाणी शिरल्यामुळे आमच्या दोन एकरांत तीन पावसाळे भाताचं रोप धरलेलं नाही. मी म्हटलं, "हो काका, जाऊ की!" आणि मनातल्या मनात सकाळच्या पक्ष्यांचा प्लॅन आखू लागले.

इथं भरतीचं वेळापत्रक सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथंच झाला. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती. शनिवारी माघी पौर्णिमा होती. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आत खाडीत आणखी थोडा उशीर. म्हणजे दुपारी पाणी पुरतं वर आणि सकाळी सहाच्या पुढेमागे पुरतं खाली. खालचा चिखल उघडा पडला की थंडीतले पाहुणे पक्षी चरायला येतात. आणि खांड तळापर्यंत दिसते तीही त्याच वेळी! दोन्हींसाठी मिळून हातात दोन-अडीच तास.

मी ते सगळे पक्ष्यांना दिले.

सोनीनं मला पार वेडं केलं हो! तुतवार चिखलात दुडूदुडू धावतोय आणि व्ह्यूफाइंडरमधली छोटी चौकट त्याच्या डोळ्याला चिकटून बसलीय. तो मागं वळतो, चौकट सुटते, पुन्हा वळतो, पुन्हा डोळ्यावर! तिवराच्या फांदीवरून खंड्यानं सूर मारला आणि आठपैकी पाच फ्रेम धारदार. फुजीलाही पक्षी ओळखता येतात, नाही असं नाही. सेकंदाला फ्रेमही त्याच्याच जास्त, पंधरा विरुद्ध अकरा. पण मागं तिवरांचा गुंता आला की तो गोंधळायचा, पक्ष्याला सोडून फांदी पकडायचा. माझ्या हातात, त्या बांधावर, पक्ष्यांच्या बाबतीत सोनी निर्विवाद पुढे होता. इतकंच कशाला, मी मनात चेकसुद्धा फाडला होता.

साडेनऊला मागं वळून बघितलं तर काका खांडीपाशी उकिडवे बसलेले. हातात लांब बांबू. रुंदी आणि खोली फोटोत दिसावी म्हणून रात्रीच त्यावर हाताहाताच्या अंतरावर चुन्यानं खुणा करून ठेवलेल्या. आणि खांडीचा तळ पाण्याखाली गेलेला. "थांबा काका, लेन्स बदलते" म्हणत मी बॅग उघडली, तोवर पाणी गुडघाभर चढलं. काका काही रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पानी वाट नाय बघत." आणि बांबू खांद्यावर टाकून घरी चालू लागले.

मी तिथंच उभी राहिले. दुपारी साडेबारापर्यंत पाणी आत येताना बघत होते. आवाज फारसा नसतो त्याला. आपण उगाच सिनेमातल्या पुरासारखं काहीतरी डोळ्यांपुढं आणतो. इथं पाणी फक्त पसरत जातं, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात, आणि मध्येच एखादा निवटा टुणकन उडी मारतो, जणू शेत त्याच्याच नावावर आहे.

संध्याकाळची सुकती अंधारात गेली. रात्री ओटीवर बसून काकांना फोटो दाखवले. पक्षी बघून काकू खूश. मग दुपारी फुजीवर काढलेले शेताचे फोटो आले. फुजीची खासियत म्हणजे त्याचे 'फिल्म सिम्युलेशन'. जुन्या फिल्मच्या रंगांची आठवण करून देणारे तयार रंग, ज्यावर आमची अख्खी पिढी फिदा आहे. मी 'क्लासिक निगेटिव्ह' लावला होता. मिठानं जळालेली जमीन तांबूस-हिरवी, वर फिकट आभाळ... कॅफेच्या भिंतीवर लावावी अशी फ्रेम! काका बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "शेत असा नाय दिसत. ह्यो पिक्चरमदला वाटतो."

खरंच होतं ते. आमचं शेत असं दिसत नाही. ते राखाडी दिसतं, कडेला मिठाचा पांढरा थर आणि मध्ये डबकं. हे दिसलं नाही तर अर्ज वाचणाऱ्याला वाटायचं, वा, काय छान जागा आहे, रिसॉर्ट काढा! मी मुकाट्यानं साधा 'प्रोव्हिया' लावला आणि सहाचा अलार्म.

रविवारी लांब लेन्स घरीच ठेवल्या. फुजीसोबत २३ एमएमची छोटी एफ२ लेन्स भाड्यानं मिळाली होती, १८० ग्रॅमची. सोनीसोबत साधी किट लेन्स. (सामना बरोबरीचा नव्हता हे मान्य. भाड्यानं जे मिळालं ते घेतलं.) आणि इथं पहिल्यांदाच फुजी हातात बसला. काकांना खांडीत उतरवायचं होतं, तर मीही उतरले. पोटऱ्यांपर्यंत चिखल, एक हात काकांच्या खांद्यावर. अशा वेळी मेन्यूत शिरणं अशक्य. फुजीच्या डोक्यावर शटर स्पीड आणि आयएसओच्या चकत्या, अ‍ॅपर्चरची कडी लेन्सवर. कॅमेरा बंद असतानाही सगळं डोळ्यांना दिसतं, अंगठ्यानं फिरतं. स्क्रीन वर उचलून कमरेपाशी धरला की खांडीच्या तळापासून काठापर्यंत सगळं एका फ्रेममध्ये: बांबू, खुणा, मागं आमचा वाफा आणि ओळख पटावी म्हणून पलीकडची उघाडी. कार्डाचे खाचेही दोन, म्हणजे प्रत्येक फोटोची कॉपी तिथल्या तिथं. सोनीला एकच. पक्ष्याचा फोटो गेला तर हळहळ वाटते. हा गेला असता तर पंधरा दिवस पुढल्या उधाणाची वाट बघावी लागली असती.

सोनीची बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही फुजीची एजंट दिसते. त्याचा व्ह्यूफाइंडर कोपऱ्यात आहे. फुजीच्या मानानं बारीक आणि कमी स्पष्ट, पण उजवा डोळा लावला की डावा मोकळा राहतो. मी बाहेर आले, सोनी उचलला आणि तेवढ्यात काकांनी खांडीतून उडी मारून पलीकडचा काठ गाठला. वय वर्षे अडुसष्ट! कॅमेऱ्यानं त्यांचा डोळा पकडला, मी फक्त बटण दाबलं. एक पाय हवेत, बांबू आडवा, मागं चिमण्यांचा धूर, आणि चेहऱ्यावर मी आजवर कधी न पाहिलेलं मिस्कील हसू. त्या वीकेंडचा सर्वांत चांगला फोटो तोच. फुजीवर तो निसटला असता, असं मला अजूनही वाटतं.

खाऱ्या हवेबद्दल एक सूचना. वेदर सीलिंग दोघांनाही आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. घरी येऊन ओलसर फडक्यानं बॉडी पुसा, मग कोरड्यानं. बांधावर वारा असताना लेन्स बदलू नका. पावसाळ्यात कॅमेरा कपाटातल्या साड्यांशेजारी कोंबलात तर लेन्सला बुरशी लागलीच म्हणून समजा. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि थोडी सावधगिरी पुरते.

सोमवारी ऐरोलीत परतल्यावर लॅपटॉपवर मोजलं. एकूण १,१४० फोटो. त्यातले ९३० पक्ष्यांचे. त्या आठवड्यात मी पुन्हा पुन्हा उघडले ते चाळीस, आणि त्यातले पक्षी तीन. बाकी सगळे बांध, काकांचे हात, काकूची चूल आणि तो बांबू. चार महिने मी पक्ष्यांसाठी कॅमेरा शोधत होते आणि मी पक्ष्यांची फोटोग्राफर नव्हतेच! इन्स्टाग्रामवर लाइक मिळतात म्हणून माझा तसा समज झाला होता. तेव्हा मी फुजी घेतला, छोट्या २३ एमएमसकट, लांब लेन्स न घेता. फाइल्स इतक्या जड आहेत की माझा म्हातारा लॅपटॉप धापा टाकतो. आणि हो, तुम्ही शनिवार-रविवार भिगवणला पहाटे जाऊन बसणारे असाल किंवा मुलांच्या मागं धावणारे असाल, तर माझं ऐकू नका. सरळ सोनी घ्या.

आता गंमत ऐका. काका प्रिंट्स घेऊन कचेरीत गेले, तर तिथं सांगण्यात आलं की फोटोवर अक्षांश-रेखांश छापलेले हवेत, मोबाइलच्या अ‍ॅपमधून काढलेले. चाळीस मेगापिक्सेल बाजूला राहिले! पुढच्या अमावस्येला चुलतभावानं आपल्या फोननं चार फोटो काढले आणि अर्जाला जोडले. माझे प्रिंट्स मात्र काकांनी परत आणले नाहीत. 'असूद्या मागं जोडून' म्हणून देऊनच आले.

अर्ज अजून फिरतोय. मी प्रत्येक पौर्णिमेला जमेल तसं जाते, त्याच जागी उभी राहते, काका तोच बांबू धरतात. माघात खांड नऊ खुणांची होती, चैत्रात अकरा. मोजायला सोपं जावं म्हणून काकांनी बांबूवरचा चुना नव्यानं लावलाय.

उडीचा तो फोटो मोठा करून फ्रेमसकट नेला होता. आमच्या भिंतीवर आजीचा फोटो आहे, मतदार ओळखपत्रावरून मोठा केलेला, मागं निळा पडदा, नाक-डोळे धूसर. म्हटलं, त्याच्या शेजारी लावू. काकूनं खिळासुद्धा शोधला. काकांनी फ्रेम हातातून काढून घेतली. "भितीवर कशाला? मी जित्ता हाय अजून!" मग काच आणि चौकट काढून त्यांनी फोटो नीट दुमडला नाही, गुंडाळला, आणि सातबाऱ्याच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला.